वेबसाइटवर आलेल्या नवख्या माणसाला वाट कोण दाखवणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आजकाल जवळपास प्रत्येक संस्थेची, मंडळाची, वाचनालयाची, एखादा छंद असणाऱ्या ग्रुपची स्वतःची वेबसाइट असते आणि त्यातल्या कितीतरी वेबसाइट्स तुमच्याआमच्यासारख्याच लोकांनी नोकरी-घर सांभाळून, रात्री जागून, पदरचे पैसे घालून उभ्या केलेल्या असतात. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहितेय ते कुणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये. मी स्वतः अशाच एका वेबसाइटवर येणाऱ्या ईमेल आणि मेसेजना उत्तरं द्यायचं काम करते आणि ते करताना एक गोष्ट इतकी सारखी सारखी समोर येते की ती जाहीरपणे बोलायला हवी असं वाटलं, म्हणून हे पत्र.

लोक जे विचारतात त्यातलं बरंचसं वेबसाइटवर आधीपासून असतं. फॉर्म असतो, नियम असतात, वेळा असतात, जुने अंक असतात, सगळं असतं, पण आलेल्या माणसाला ते सापडत नाही. मग तो विचारतो, आपण लिंक पाठवतो, तो थँक्यू म्हणतो आणि आपण धरून चालतो की झालं काम. पण ज्याने विचारलं त्याचंच फक्त काम झालं. ज्याने थोडा वेळ इकडेतिकडे क्लिक करून बघितलं, मग आपल्यालाच हे मोबाईल-कॉम्प्युटर काही जमत नाही असं समजून गपचूप बंद करून टाकलं, तो आपल्याला दिसतच नाही. त्याचा मेल येत नाही, तक्रार येत नाही, तो परत येत नाही एवढंच. मला या न दिसणाऱ्या माणसाची जास्त काळजी वाटते, कारण बऱ्याचदा ज्याच्यासाठी ही वेबसाइट काढलीये तो नेमका हाच असतो.

वेबसाइट बनवताना आपण सगळे असं गृहीत धरतो की माणूस होमपेजवर येईल, वरचा बॅनर बघेल, मेनू वाचेल आणि मग आत जाईल. खरं तर तसं फार कमी वेळा होतं. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक टाकलेली असते नाहीतर गुगलवर काहीतरी शोधताना आतलंच एखादं पेज वर आलेलं असतं आणि माणूस थेट मधेच येऊन पडतो. रात्रीच्या वेळी अनोळखी स्टेशनवर उतरावं आणि नावाची पाटीच दिसू नये तशी त्याची घालमेल होते. ही वेबसाइट कुणाची, हे पान कधीचं, यातली तारीख या वर्षीची की मागच्या, याच्या आधीचं कुठे आहे, काहीच कळत नाही. सूचना असते 'येत्या रविवारी सर्वांनी उपस्थित राहावे', आता हा येता रविवार नेमका कधी येऊन गेला ते कुणी सांगायचं? म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक पेज हे पहिलं पेज आहे असंच समजून लिहायला पाहिजे. वर संस्थेचं नाव, त्यावर क्लिक केलं की मुखपृष्ठ, त्याखाली आपण कुठे आहोत ती ओळ, म्हणजे मुखपृष्ठ, मग उपक्रम, मग बालवाचक गट असं, आणि लिहिल्याची किंवा शेवटच्या बदलाची तारीख, वर्षासकट. एवढं केलं तरी विचारणारे मेल कमी होतात हे मी बघितलंय.

यात मी काही नवीन शोध लावलेला नाही. वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, त्यांनी १९९९ मध्ये वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून मार्गदर्शक नियम काढले, २००८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२ नावाची. त्यात एक नियम असा आहे की कुठल्याही पेजपर्यंत पोचायचे एकापेक्षा जास्त मार्ग हवेत (फॉर्म भरतानाची मधली पायरी वगैरे सोडून), म्हणजे मेनूमधून नाही सापडलं तर सर्चमधून सापडावं, सर्चमधून नाही तर सगळ्या पानांच्या यादीतून. आणि २०२३ च्या आवृत्तीत एक नवीन नियम आला तो मला फार आवडतो, तो म्हणजे मदतीची सोय, फोन असो, ईमेल असो की प्रश्नोत्तरांचं पान, ज्या ज्या पानांवर दिली असेल तिथे ती एकाच ठिकाणी असावी. म्हणजे अडलेल्या माणसाला आधी मदत कुठे मिळेल हेच शोधत बसावं लागू नये. किती साधी गोष्ट आहे, पण आपल्याकडे एका पानावर संपर्क वर असतो, दुसऱ्यावर खाली, तिसऱ्यावर गायब.

आता मेनूबद्दल, कारण खरा घोळ तिथेच आहे. संस्थेच्या वेबसाइटचा मेनू उघडा, त्यात आमच्याविषयी, संस्थापक, उद्दिष्टे, कार्यकारिणी, अध्यक्षांचे मनोगत, उपसमित्या, क्षणचित्रे असं सगळं ओळीने येतं. आपल्या डोक्यात संस्था जशी विभागलेली असते तशीच आपण ती वेबसाइटवर मांडतो. येणारा माणूस मात्र प्रश्न घेऊन आलेला असतो. मला यात सामील व्हायचंय, काय करू? पुढचा कार्यक्रम कधी आहे? माझ्याकडे जुनी पुस्तकं आहेत ती कुणाला देऊ? पावती मिळाली नाही, कुणाला विचारू? आता पावतीचा प्रश्न 'उपसमित्या'खालच्या 'अर्थ समिती'च्या पानावर मिळेल हे बाहेरच्या माणसाला कसं कळावं?

याला एक चांगला उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. वेबसाइटवर जे जे आहे त्याच्या एकेका विषयाची एकेक चिठ्ठी करायची, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि कमिटीत नसलेल्या तीन-चार जणांना सांगायचं की यातलं कशाबरोबर काय जातं ते तुमच्या मनाने लावा आणि प्रत्येक गठ्ठ्याला तुमच्याच शब्दात नाव द्या. या पद्धतीला कार्ड सॉर्टिंग म्हणतात, वेबसाइटचा व्यवसाय करणारे लोक ती वर्षानुवर्षं वापरतात. आपण जे गठ्ठे केलेले असतात त्यापेक्षा फार वेगळे गठ्ठे समोर येतात. आणि गठ्ठ्यांना लोक जी नावं देतात ना, तीच मेनूत टाकायची, ती जरा साधी वाटली तरी.

दुसरं म्हणजे कुणाला तरी शेजारी बसवून बघणं. जेकब नील्सन नावाचे या विषयातले मोठे तज्ज्ञ आहेत, त्यांनी २००० साली लिहिलं की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. त्या पाच आकड्यावर पुढे बरेच वाद झाले, तो भाग सोडा, पण शून्य माणसांपेक्षा पाच कितीतरी बरी यावर वाद व्हायचं कारण नाही. फक्त बसवताना दोन गोष्टी सांभाळायला लागतात. एक, त्याला आपलाच शब्द आयता द्यायचा नाही. 'सभासद नोंदणीचा फॉर्म शोधा' असं सांगितलं की तो मेनूत 'सभासद नोंदणी' हे शब्द शोधतो आणि त्याला ते मिळतं, त्यातून आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी 'समजा तुम्हाला आमच्या ग्रुपमध्ये यायचंय, तर काय कराल?' असं विचारायचं. आणि दोन, नंतर गप्प बसायचं. हे फार अवघड आहे. तो चुकीच्या ठिकाणी क्लिक करत असतो, उत्तर समोर असतं, आपला हात शिवशिवत असतो, तरी बोलायचं नाही, कारण तो जिथे अडला तिथेच बाकीचे सगळे अडत असणार आणि त्या सगळ्यांच्या शेजारी आपण बसलेलो नसणार.

मोबाईलवर तर आणखी वेगळी अडचण. कोपऱ्यात त्या तीन आडव्या रेघा असतात, त्यात सगळा मेनू लपवलेला असतो. हे चिन्ह तसं जुनं आहे, १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या स्टार नावाच्या कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स यांनी ते काढलं होतं, आणि तरुण मुलांना ते चटकन ओळखू येतं, पण फोन उशिरा हातात आलेल्या कितीतरी ज्येष्ठ लोकांना ते नक्षीच वाटते. त्या रेघांशेजारी 'मेनू' एवढं लिहिलं तर काय बिघडतं? आणि जास्तीत जास्त लोक ज्या तीन-चार गोष्टींसाठी येतात त्या लपवायच्याच नाहीत, सरळ पानावर मोठ्या बटणांवर ठेवायच्या.

सर्चबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण आपल्या भाषेच्या अडचणी इंग्रजी वेबसाइटवरून उचललेल्या साच्यात कुठेच धरलेल्या नसतात. आपण 'स्पर्धा' असं शोधतो आणि पानावर लिहिलेलं असतं 'स्पर्धेचे नियम'. साधा सर्च अक्षराला अक्षर जुळवतो, त्याला स्पर्धा आणि स्पर्धेचे ही एकाच शब्दाची रूपं आहेत हे माहीत नसतं, तो सांगून मोकळा होतो की काही सापडलं नाही. सभा शोधलं तर 'सभेचा वृत्तांत' मिळत नाही, परीक्षा शोधलं तर 'परीक्षेचा निकाल' मिळत नाही. त्यात कुणी शिबिर लिहितं कुणी शिबीर, कुणी ज्येष्ठ कुणी जेष्ठ, कुणी माहिती कुणी माहीती, आणि बरेच जण तर मराठी शब्द रोमन अक्षरांतच टाइप करतात. यावर लोकांना शुद्धलेखन शिकवणं हा उपाय होऊ शकत नाही, निदान सर्चच्या चौकटीत तरी नाही. ज्याला ज्येष्ठांसाठीचा उपक्रम शोधायचाय त्याने तो कसाही लिहिला तरी तो मिळालाच पाहिजे.

आणि काही वेबसाइट्सवर मजकूरच असा असतो की तो शोधता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो पण आत कॉम्प्युटरच्या लेखी ती भलतीच अक्षरं असतात, त्यामुळे ना गुगलला तो कळतो ना वेबसाइटच्या सर्चला, आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती गिचमिड दिसते. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं प्रत्येक कॉम्प्युटरला सारखीच कळावीत म्हणून ठरवलेली पद्धत, तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, त्यात देवनागरी होती, म्हणजे हा प्रश्न सुटायची सोय होऊन तीसपेक्षा जास्त वर्षं झाली. तरी अजून नोटिसा जुन्या फॉन्टमध्ये तयार होतात, त्यांची प्रिंट काढली जाते, सही-शिक्का होतो, मोबाईलवर फोटो काढून त्याची पीडीएफ चढवली जाते. ते चित्र आहे, त्यातला एकही शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन माणसाला ऐकताही येत नाही. सही-शिक्क्याची प्रत ठेवा ना, नक्की ठेवा, पण तोच मजकूर चार ओळींत पानावर टाइपही करा.

सर्चसाठी मोठा खर्च करणं जमत नसेल तरी दोन गोष्टी जमतात. प्रत्येक पानाच्या तळाशी त्या विषयाला लोक जे जे म्हणतात ते सगळे शब्द, वेगवेगळ्या रूपांसकट, चुकीच्या स्पेलिंगसकट लिहून ठेवायचे. आणि लोकांनी काय शोधलं आणि त्यांना काहीच मिळालं नाही याची नोंद बऱ्याच सिस्टिममध्ये ठेवता येते, ती महिन्यातून एकदा उघडून वाचायची. मला वाटतं आलेल्या माणसाच्या मनात काय आहे हे सांगणारा याहून खरा कागद नाही, कारण तिथे तो आपल्याशी सभ्यपणे बोलायला थांबलेला नसतो, त्याला जे हवंय ते त्याने त्याच्याच शब्दात लिहिलेलं असतं. शिवाय काही नाही सापडलं तर पानावर नुसतं 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून त्याला परत पाठवू नये, तिथेच मुख्य विषयांच्या लिंक आणि विचारायची सोय द्यावी.

दृष्टिहीन वाचकांबद्दल वर लिहिलं, त्यात एक भर घालते. ते स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. एनव्हीडीए नावाचा एक तर मोफत आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने तो सुरू केला. तो वापरणारे लोक अख्खं पान ऐकत बसत नाहीत, मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतात किंवा फक्त लिंकची यादी ऐकतात. आपल्या पानावर सगळ्या लिंकना 'येथे क्लिक करा' नाव दिलेलं असेल तर त्यांना ऐकू काय येतं? येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. कुठे आणि कशासाठी? त्याजागी 'वार्षिक अहवाल वाचा', 'वर्गासाठी नाव नोंदवा' असं लिहायला तेवढाच वेळ लागतो आणि डोळस माणसालाही ते बरं पडतं. मथळे नुसते ठळक अक्षरांत न करता खरे मथळे म्हणून करायचे आणि पान मराठीत आहे हे कोडमध्ये नोंदवायचं, म्हणजे वाचणारा प्रोग्राम भलत्या भाषेच्या आवाजात वाचत नाही. हे करून देणाऱ्याला पाच मिनिटांचं काम आहे, पण कुणीतरी त्याला ते सांगावं लागतं.

मग येतो मेलेल्या लिंकचा विषय. नवीन कमिटी येते, नवीन उत्साही माणूस येतो, नवीन वेबसाइट होते आणि जुन्या पानांचे पत्ते एका रात्रीत बंद. लोकांनी सेव्ह केलेल्या लिंक, इतरांनी आपल्या वेबसाइटवर दिलेल्या लिंक, छापलेल्या पत्रकावरचे क्यूआर कोड, सगळे ४०४ नावाच्या, म्हणजे 'पान सापडलं नाही' एवढंच सांगणाऱ्या पानावर जाऊन आपटतात. वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच कळकळीने लिहिलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत, ते बदलणारी माणसं असतात. पत्ता बदलणं अगदीच टळत नसेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेण्याची सोय असते, कुठल्याही वेबसाइट करणाऱ्याला ती येते, फक्त काम देताना ती लेखी मागून घ्यायची. मागितली नाही तर होत नाही.

पण या सगळ्याच्या वर माणूस लागतो असं माझं ठाम मत आहे. विकिपीडियाचंच बघा. तिथलं लिहिण्याचं काम स्वयंसेवकांच्या जोरावर चालतं, तिथे नवीन आलेला माणूस गांगरणार हे त्यांना माहीत आहे, म्हणून इंग्रजी विकिपीडियावर २०१२ मध्ये टीहाऊस नावाचं एक पान सुरू केलं, तिथे नवखे लोक काहीही विचारू शकतात आणि अनुभवी लोक न चिडता, नमस्कार-चमत्कार करून उत्तर देतात. आपला मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, तिथेही चावडी आहे बोलायला आणि धूळपाटी आहे हात बसेपर्यंत लिहून बघायला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की चुकायला एक जागा आहे आणि विचारायला एक जागा आहे. आपल्या छोट्या वेबसाइटवर अशी जागा का नसावी? आणि असली तर तिथे 'आधी नीट वाचा मग विचारा', 'हे आधीच सांगितलंय' असली उत्तरं देऊ नयेत हो. ज्याने विचारलं त्याने धीर गोळा करून विचारलेलं असतं. त्याला आधी उत्तर द्यायचं, मग लिंक द्यायची आणि मग आपण जाऊन ते पान दुरुस्त करायचं, म्हणजे पुढच्याला विचारावं लागणार नाही. आमच्याकडे आम्ही असं ठरवलंय की एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला की पान बदलायचं. त्यात विचारणाऱ्याची चूक काढायला जागाच राहत नाही.

हल्ली काहीजण म्हणतात की चॅटबॉट लावला की झालं. लावा, मी विरोधात नाही. पण बॉट जे सांगणार ते आपल्याच पानांवरून सांगणार ना, मग पानांवर तीन ठिकाणी तीन वेगळ्या वेळा असतील, जुन्या नोटिशीवर वर्ष नसेल, तर तो त्यातलीच एखादी वेळ अगदी खात्रीने सांगेल आणि माणूस चुकीच्या दिवशी येऊन बंद दारासमोर उभा राहील. आधी पानं नीट करावी लागतात आणि बॉटच्या शेजारी माणसाशी बोलायचा रस्ता उघडा ठेवावा लागतो.

संस्था चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की जसे खजिनदार असतात, चिटणीस असतात, तसं आलेल्या लोकांना वाट दाखवायचं काम एका माणसाकडे नावानिशी द्या. ज्याला कोड येतो असाच हवा असं नाही, ज्याला लोकांशी बोलायला आवडतं असा हवा. मेल त्याच्या खासगी पत्त्यावर न येता संस्थेच्या पत्त्यावर यावेत आणि पासवर्ड किमान दोघांकडे असावा, नाहीतर तो माणूस गेला की त्याच्याबरोबर सगळ्यांचे प्रश्नही जातात. आणि संपर्काच्या पानावर उत्तर साधारण किती दिवसांत मिळेल तेही लिहा, लोक थांबायला तयार असतात पण आपला निरोप पोचला की नाही हे न कळणं त्रासाचं होतं.

संपादक महोदय, एक विनंती तुम्हालाही आहे. तुमच्या पुरवणीत संस्थांच्या उपक्रमांच्या बातम्या येतात तेव्हा खाली 'अधिक माहितीसाठी वेबसाइट पाहा' असं लिहून होमपेजचा पत्ता छापलेला असतो. त्याऐवजी बातमी देणाऱ्यांकडून त्या उपक्रमाच्या नेमक्या पानाचा छोटा, हाताने टाइप करता येईल असा पत्ता मागून घ्या, छापायच्या आधी तुमच्याकडच्या कुणीतरी तो एकदा मोबाईलवर टाकून बघावा, आणि ई-पेपरमध्ये तो दाबता येईल असा ठेवावा. जमलं तर शेजारी चौकशीचं नाव आणि फोनही छापा, म्हणजे ज्यांना वेबसाइट वापरायचीच नाही त्यांनाही विचारता येईल.

आपली,
एक नियमित वाचक आणि वेबसाइट स्वयंसेविका